शुष्क रक्तबिंदू नमुना
रक्ताचे थेंब शुद्ध कापसाच्या जाड गाळणकागदावर वाळवून ते न गोठवता साठवण्याची व पाठवण्याची पद्धत. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात नवजात बालकांतील फेनिलकीटोनमेह हुडकण्यासाठी ती रूढ केली.

बाळाच्या टाचेच्या कडेला टोचून पहिला थेंब पुसतात. पुढचा थेंब कागदावरील छापील वर्तुळात सोडतात. रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपले पाहिजे. थेंबावर थेंब चढवला की नमुना बाद. कागद आडवा ठेवून, उन्हापासून दूर, निदान तीन तास वाळवतात व सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत घालतात. पाणी गेल्याने विकरांची क्रिया आणि जंतूंची वाढ मंदावते, हे यामागचे इंगित. ओल मात्र वैरी. पावसाळ्यात पुडीकडे दुर्लक्ष केले, तर सगळी मेहनत वाया जाते. डीएनए कागदावर वर्षानुवर्षे टिकतो, काही विकरे तितकी चिवट नसतात. तपासणीसाठी साधारण ३ मिमी व्यासाची चकती कापून घेतात.

भारतात एचआयव्हीबाधित मातांच्या तान्ह्या बाळांच्या निदानासाठी हे नमुने वापरले जातात.