पंचरत्नम यांचा कोन

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ मध्ये बंगळूर येथे स्वतःची संशोधनसंस्था स्थापन केली. रत्ने व स्फटिक यांचा त्यांना मोठा षोक होता. त्यांतील आयोलाइट हा खडा एका दिशेने पाहिला असता निळाजांभळा, तर दुसऱ्या दिशेने पिवळसर दिसतो. अशा स्फटिकांतून ध्रुवित प्रकाश कसा वाटचाल करतो, याचा शोध रामन यांचे तरुण भाचे एस्. पंचरत्नम तेथे घेत होते.

या अभ्यासात एक मूलभूत प्रश्न उभा राहिला. दोन प्रकाशलहरींची कंपने एकाच प्रकारची असली, तर माथ्याला माथा जुळला की त्या समकला ठरतात. परंतु कंपनांचे प्रकारच भिन्न असतील तर? पंचरत्नम यांनी सोपा निकष लावला : ज्या जुळणीने मिश्र प्रकाश सर्वाधिक तेजस्वी होतो, ती समकला. मात्र या निकषातून विलक्षण निष्पत्ती झाली. पहिली लहर दुसरीशी जुळते, दुसरी तिसरीशी जुळते. तरीही तिसरी पहिलीशी जुळेलच असे नाही!

पृथ्वीगोलाचे उदाहरण घ्यावे. हातातील बाण न वळविता विषुववृत्तावरून ध्रुवापर्यंत जावे, नव्वद अंश दूरच्या रेखावृत्ताने खाली उतरावे आणि विषुववृत्तावरून मूळ जागी परतावे. बाण काटकोनात फिरलेला आढळतो. तो कोणी फिरविला नाही. गोलाच्या वक्रतेने फिरविला. प्रकाशाच्या ध्रुवणावस्थाही अशाच एका काल्पनिक गोलावर मांडता येतात. तीन अवस्थांनी तेथे जो त्रिकोण होतो, त्याच्या घनकोनाच्या निम्म्याइतका कलाभेद शिल्लक राहतो, हे पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये दाखविले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे २२.

निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात छापला गेला आणि जवळजवळ तीस वर्षे दुर्लक्षित राहिला. यात केवळ परकीयांची अनास्था पाहणे न्याय्य नव्हे. स्फटिकांतील व्यतिकरणावरचा लेख पुंजभौतिकीच्या अभ्यासकाने उघडावाच कशासाठी?

१९८४ मध्ये ब्रिस्टलचे मायकेल बेरी यांनी पुंजप्रणालींतील भूमितीय कलेचा व्यापक सिद्धांत मांडला. त्यानंतर दोनच वर्षांनी बंगळूरच्याच एस्. रामशेषन व राजाराम नित्यानंद यांनी या जुन्या निबंधाकडे लक्ष वेधले. बेरी यांनी १९८७ मध्ये स्वतंत्र लेख लिहून पूर्वसूरीचे ऋण उघडपणे मान्य केले. विद्वत्तेच्या बाजारात असे औदार्य नित्य आढळत नाही. अर्थात बेरींची व्याप्ती पंचरत्नम यांच्या निबंधात नव्हती, हेही सांगितले पाहिजे. आज पातळ, सपाट भिंगे घडविताना दोघांच्याही नावाने ओळखली जाणारी कला उपयोगी पडते.

पंचरत्नम पुढे ऑक्सफर्डला गेले होते. १९६९ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.