मोगल शिकारींतील कापूसभरला अंगरखा

कांहीं दिवसांपूर्वी एका जुन्या घराण्याकडून पोथ्यांचें एक गाठोडें आमच्याकडे आलें. पोथ्या सामान्यच होत्या : दोन-तीन व्रतकथा, ‘शिवलीलामृता’ची एक अपुरी प्रत, आणि कांहीं सुटीं पानें. बासन मात्र पाहण्याजोगें निघालें. आंतबाहेर दोन कापडें, मध्यें पिवळा पडलेला कापूस, त्यावर जवळजवळ घातलेल्या धांवदोऱ्याच्या उभ्या ओळी, आणि एका कडेस बगलेसाठीं कापलेली गोलाई. तेव्हां हा तुकडा मूळचा एखाद्या कापूसभरल्या अंगरख्याच्या पाठीचा, हें उघड झालें. कापसास कसर लागली होती. ती पोथ्यांत शिरूं नये म्हणून शिवण उसवून आम्हींच तो कापूस काढविला व जाळविला. पुढें ‘आईन-ए-अकबरी’तील पोशाखाचें प्रकरण दुसऱ्या एका कामासाठीं चाळीत असतां आपण काय जाळून बसलों तें आमच्या ध्यानांत आलें. त्या वस्त्राविषयीं विचारण्यासारखा पहिला प्रश्न ‘यांत कापूस किती?’ हा होता, आणि त्याचें उत्तर देणारा पुरावा आम्हीं आपल्या हातानें नाहींसा केला होता.

अबुल फजलानें आपल्या ग्रंथाचें एकतिसावें प्रकरण बादशहाच्या वस्त्रागारास दिलें आहे. दर हंगामास एक हजार पूर्ण पोशाख तयार होत, आणि त्यांपैकीं १२० पोशाख बारा गाठोड्यांत बांधून सदैव हाताशीं ठेवीत. प्रत्येक वस्त्रास कापड किती गज, अस्तर किती, गोट किती गिरह, रेशीम किती व शिलाई किती हें सर्व त्यानें नोंदलें आहे. ब्लॉकमनच्या १८७३ च्या भाषांतरावरून हें प्रकरण अनेकांनीं वाचलें असेल, परंतु त्यांतील कापसाचे आंकडे एकमेकांशेजारीं मांडून पाहण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले दिसत नाहींत.

‘सूजनी’ नांवाच्या वस्त्रास पाव शेर कापूस, ‘कलमी’स तीन अष्टमांश शेर, ‘कबा’स एक शेर आणि ‘गदर’ यास अडीच शेर. अकबरी शेर ३० दामांचा, म्हणजे सुमारें ५४ तोळ्यांचा, आजच्या मापानें अदमासें सव्वासहाशें ग्रॅमचा. त्या हिशेबानें सूजनींत साडेतेरा तोळे, कलमींत वीस, कब्यांत चौपन्न आणि गदरांत एकशें चौतीस-पस्तीस तोळे कापूस पडतो. म्हणजे अंगाभोंवतीं किती ऊब हवी याच्या पायऱ्याच बादशाही शिंप्यांनीं वजनानें ठरवून टाकल्या होत्या. कबा त्या काळीं ‘जामा-ए-पुंबादार’ म्हणजे कापसाचा जामा या नांवानें बोलला जाई. गदर हा कब्याहून रुंद व लांब असून हिंदुस्थानांत तो केसाळ कातड्याच्या अंगरख्याची जागा भरून काढतो, असें अबुल फजल सांगतो. त्यास वरचें कापड सात गज व अस्तर सहा गज लागे.

आतां मजुरी पाहावी. कब्याची शिलाई पाव रुपयापासून एक रुपयापर्यंत, गदराची अर्ध्यापासून दीड रुपयापर्यंत. उलट पाव शेर कापसाच्या सूजनीस ‘आजीदा’ टांका घातला तर चार रुपये, आणि ‘बखिया’ घातला तर आठ. गदरांत सूजनीच्या दसपट कापूस, आणि मजुरी मात्र तिच्या पंचमांश भरणेंही कठीण! पैसा टांक्याचा होता, उबेचा नव्हता. ‘शाह-आजीदा’ या वस्त्राचें दुसरें नांव ‘शस्त-खत’, म्हणजे साठ ओळी, कारण त्याच्या एका गिरहांत साठ टांके असत. गिरह म्हणजे गजाचा सोळावा हिस्सा. एवढ्याशा जागेंत साठ टांके घालणाऱ्याचे डोळे किती दिवस टिकत असतील, कोण जाणे! अशीं वस्त्रें वारसांनीं जपलीं, नजराण्यांत दिलीं आणि शेवटीं संग्रहालयांत नेलीं. दीड रुपयाचा गदर फाटला म्हणजे त्याचा कापूस पिंजाऱ्याकडे आणि कापड बासनाकडे गेलें. मोगल पोशाखाविषयींची आपली कल्पना या गाळणींतून गळून आलेली आहे, आणि शिकारीच्या पोशाखाविषयीं तर ती याच कारणानें बिघडली आहे.

उपरिनिर्दिष्ट यादींत शिकारीचें नांव नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. शिकारी कोणता अंगरखा निवडी हा आमचा तर्क आहे. परंतु त्यास आधार बरा आहे. मोगल घराण्याचा मूळ पुरुष बाबर हा थंडी अंगानें ओळखणारा होता. इ. स. १५०६-०७ च्या हिंवाळ्यांत हेरातेहून काबुलास येतांना डोंगरांतील बर्फांत तो सांपडला. बरोबरचे लोक उघड्यावर असतां आपण एकट्यानें गुहेंत निजणें त्यास बरें वाटेना, म्हणून तो बाहेर बर्फ उकरून बसला, आणि त्याच्या कानांस थंडी बाधली. हें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. त्याच्या देशांत अशा हवेस केसाळ कातडें हेंच वस्त्र. पंजाबांत व आगऱ्याच्या बाजूस हिंवाळ्याची पहांट बोचरी असली तरी दोन प्रहरीं ऊन लागतें. तेथें दिवसभर कातडें वागवणें अशक्य, आणि म्हणून कापूस पुढें आला.

पण कापूस किती घ्यावा? शिकार कोणती यावर तें अवलंबून राहणार. चित्त्याकडून करविण्याच्या शिकारीच्या तीन रीती अबुल फजलानें दिल्या आहेत : उपरघाटी, रिघणी व मुहारी. (हे शब्द मराठी वाचकास परके वाटणार नाहींत.) रिघणींत चित्ता दबा धरून बसतो, मुहारींत गाडी उलट दिशेस हांकून हरिणास गोंधळांत पाडतात. दोहींत माणसांस दीर्घ काळ निश्चल राहावें लागतें. अशा बैठ्या शिकारीस गदर हेंच वस्त्र योग्य. उलट कमरगा, म्हणजे वेढा घालून करावयाची शिकार. अकबरानें इ. स. १५६७ मध्यें लाहोरानजीक केलेला कमरगा प्रसिद्ध आहे आणि लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांतील ‘अकबरनाम्या’त त्याचें दुहेरी चित्रही आहे. तींत घोडा भरधांव सोडून धनुष्य, तलवार व फांस चालवावयाचा. सव्वाशेंहून अधिक तोळे कापूस दंडाबगलेंत कोंबून धनुष्य ओढून पाहावें, म्हणजे गदर कां नको तें कळेल. शिवाय घाम. कापूस ऊब देतो ती त्याच्या तंतूंत कोंडलेल्या हवेमुळें. घामानें तो ओला झाला कीं ती हवा जाते, आणि थबकतांक्षणीं तेंच वस्त्र अंगास गार लागूं लागतें. धांवणाऱ्यानें पातळ घालावें व बसणाऱ्यानें जाड, हा नियम शिंप्यांस ठाऊक असल्यावांचून एक शेर व अडीच शेर असे दोन वेगळे अंगरखे त्यांनीं कशास शिवले असते?

पावसाचीही तरतूद होती. ‘चकमन’ हें वरून घालावयाचें वस्त्र बनातीचें, लोकरीचें किंवा मेणकापडाचें करीत. बादशहा स्वतःसाठीं तें ‘दाराई’ मेणकापडाचें करवी. तें हलकें असून त्यांतून पाणी आंत येत नसे. त्यास सहा गज कापड लागे, आणि मेणकापडाच्या चकमनाची शिलाई अवघी अर्धा रुपया. तेव्हां आंत कबा व वर चकमन अशी जोडी जमविणें कोणाही मनसबदारास कठीण नव्हतें. अशी तरतूद असूनही हवा आपलें करावयाचें तें करीतच असे. इ. स. १६२० सालीं काश्मिरास जातांना भुलियास घाटांत जहांगीर व त्याचा जनाना पावसांत व बर्फांत सांपडला, आणि बादशाही डेरे मागें राहिल्यामुळें मुतमदखानाच्या तंबूचा आश्रय त्यांस घ्यावा लागला.

जहांगिराचें नांव आलें म्हणून ‘नादिरी’चा विचार येथेंच करूं. शिकारीचा एवढा हिशेबी शोकी दुसरा नसेल. वयाच्या बाराव्या वर्षापासून आपल्या राज्याच्या अकराव्या वर्षापर्यंत आपल्यासमक्ष २८,५३२ प्राणी मारले गेले व त्यांतील १७,१६७ आपण स्वहस्तें मारले, असा आंकडा त्यानें आपल्या आठवणींत उतरविला आहे. त्याच आठवणींत कांहीं वस्त्रें त्यानें आपल्या खास वापरासाठीं राखून ठेविलीं, आणि आपण देऊं त्याखेरीज कोणीं तीं घालूं नयेत असा हुकूम केला. त्यांत पहिली नादिरी. ती कब्यावरून घालावयाची, बाह्या नसलेली, पुढें गुंड्यांची, आणि कमरेपासून मांड्यांच्या खालीं पोंचणारी. इराणी लोक तीस ‘कुर्दी’ म्हणत. कब्यावरून घालावयाची व बाह्यांवांचून, या दोन शब्दांत सर्व आलें. छाती व पाठ दुहेरी झांकली जाते, दंड मोकळे राहतात, ऊन चढलें कीं वरचें वस्त्र उतरून खोगिरास अडकवितां येतें. स्वाराच्या दृष्टीनें एका गदरापेक्षां ही जोडी केव्हांही सरस, असें आमचें मत आहे.

उपर्युक्त लंडनच्या संग्रहालयांत ‘शिकारीचा अंगरखा’ म्हणून नांवाजलेलें एक वस्त्र आहे. तें इ. स. १६२०-३० च्या सुमाराचें असून बिनबाह्यांचें, पांढऱ्या साटिणीचें आहे, आणि त्यावर रेशमाच्या सांखळी टांक्यानें झाडें, फुलें, मोर, सिंह व हरणें काढलीं आहेत. कारागिरी अप्रतिम आहे याविषयीं वाद नाहीं. परंतु वस्त्रावर हरीण काढलें म्हणून तें घालून हरणामागें गेले, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. पयागाचें म्हणून समजलें जाणारें, दारा शुकोह नीलगायीची शिकार करीत असल्याचें चित्र पाहावें. तेथें शिकाऱ्यांचे कपडे झुडुपांत मिसळून जावे असे हिरवे आहेत. पांढरी साटीण रानांत कोसभर चमकेल! तें वस्त्र नादिरीच्या जातीचें असूं शकेल व घोड्यावर बसतांनाही घातलें असेल. पण तें दरबारी शोभेचें असावें, आणि खरा शिकारी अंगरखा त्याच्या शेजारीं टांगला असता तर कोणीं ढुंकूनही पाहिलें नसतें.

हा विषय केवळ जुनाही नाहीं. सिअॅटल येथील एडी बॉवर नांवाचा शिकारी व दुकानदार एकदां हिंवाळ्यांत मासेमारीस गेला असतां घामानें भिजलेल्या लोकरी कपड्यांत गारठून त्याच्या प्राणावर बेतलें, असें सांगतात. त्यानंतर १९३६ सालीं त्यानें पिसें भरलेलें जाकीट विक्रीस काढलें, आणि १९४० सालीं त्याच्या शिवणीच्या नमुन्याचा हक्क त्यास मिळाला. नवीन होतीं तीं पिसें. भरण खालीं उतरून गोळा होऊं नये म्हणून दोन कापडें ओळीनें शिवून त्याचे कप्पे पाडणें ही युक्ति मात्र लाहोर-आगऱ्याच्या शिंप्यांस तीन शतकें आधींच अवगत होती.

आपल्याकडे ‘कबा’ हा ‘कबाय’ होऊन मराठी कोशांत शिरला, ‘डगला’ घरोघरीं झाला, आणि बिनबाह्यांची बंडी अजून खेड्यापाड्यांत अंगांत दिसते. शब्द राहिले, पण वस्तु गेल्या, किंवा निदान गेल्या असें आपण समजतों. आमचा अनुभव असा कीं त्या पोथ्यांभोंवतीं गुंडाळलेल्या आहेत. दफ्तरें व पोथ्या मिळविणारे आपण लोक बासन सोडतों, लेख पाहतों, आणि चिंधी फेंकून नवें मांजरपाट बांधतों. ज्यांच्या संग्रहीं कापूस भरलेलें बासन असेल त्यांनीं शिवण न उसवतां त्याचें वजन, लांबीरुंदी, दोन ओळींतील अंतर व एका इंचांत पडणारे टांके एवढें टिपून आम्हांस कळवावें. बगलेची अगर गळ्याची गोलाई दिसत असल्यास तिचा कागदावर उतार काढून पाठवावा. कसर झाली असेल तर तुकडा घट्ट झांकणाच्या डब्यांत पोथ्यांपासून निराळा ठेवावा, कापूस काढूं नये. आमच्या तुकड्याचीं दोन्ही कापडें शिल्लक आहेत. त्यांवर धांवदोऱ्याच्या एकतीस ओळी मोजतां येतात.