शिल्लक की टाकाऊ: पिंपरीतील रसायनांचा एक हिशेब

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवात बहुधा मोटारी आणि स्कूटरींपासून केली जाते; परंतु वापरून उरलेल्या रसायनाचे काय करावे, हा प्रश्न त्याआधीच येथे येऊन ठेपला होता. केंद्र सरकारने 1954 मध्ये पिंपरी येथे स्थापन केलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कंपनीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने 1955 पासून पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. या औषधाच्या निर्मितीत बुरशी वाढवलेला द्रव गाळून आम्लधर्मी केला जातो आणि त्यातील पेनिसिलिन ब्युटिल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकात, म्हणजे पदार्थ विरघळवून घेणाऱ्या द्रवात, उतरवले जाते. पुढे औषध पुन्हा पाण्यात घेतल्यावर मागे राहिलेले द्रावक ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळवून त्याची वाफ थंड करून, शुद्ध केले जाते आणि पुढच्या घाण्याला परत वापरले जाते. द्रावक महाग असल्याने हा पुनर्वापर पर्यावरणाच्या विचाराआधी खर्चाच्या हिशेबातून रूढ झाला.

प्रयोगशाळेचे गणित मात्र वेगळे असते. याच कंपनीच्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी शोधलेले बुरशीनाशक हॅमायसिन ज्या जीवाणूपासून मिळाले, त्याचे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव गावाचीच आठवण ठेवते. अशा शोधामागे असंख्य छोटे प्रयोग असतात. एका प्रयोगाला दोन-चार ग्रॅम रसायन पुरते, पण बाटली अर्ध्या किलोची येते, आणि प्रकल्प संपला की उरलेली बाटली कपाटात राहते.

1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालील 1989 चे घातक कचऱ्याचे नियम आले. सध्या लागू असलेल्या 2016 च्या नियमांत कचऱ्याची व्याख्या त्या पदार्थाच्या गुणधर्मांवर नव्हे, तर तो निर्माण करणाऱ्याला त्याचा पुढे उपयोग उरला आहे की नाही, यावर बेतलेली आहे. औषधनिर्मितीतून निघणाऱ्या घातक कचऱ्याच्या यादीत वापरलेल्या द्रावकांबरोबर मुदत संपलेली उत्पादनेही मोडतात. असा कचरा साधारणतः 90 दिवसांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही. दुसऱ्याने तो कच्चा माल म्हणून वापरायचा असल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. अन्यथा त्याची वाट रांजणगावसारख्या सामाईक विल्हेवाट केंद्राकडे जाते. म्हणून शेजारच्या प्रयोगशाळेला हवी असलेली सीलबंद बाटली वेळेवर दिली तर ती शिल्लक ठरते, आणि विसरली गेली तर तीच कचरा होते.

तरीही प्रत्येक उरलेली बाटली देण्याजोगी नसते. उघडलेल्या ईथरच्या बाटलीत हवेच्या संपर्काने पेरॉक्साइड ही स्फोटक संयुगे हळूहळू साचतात, आणि तो द्रव ऊर्ध्वपातनात कोरडा होईपर्यंत उकळला तर स्फोट होऊ शकतो; त्यामुळे लेबलावर नावाइतकीच बाटली उघडल्याची तारीख मोलाची असते. चाकणच्या वाहन उद्योगात रंग बदलताना नळ्या धुतलेला थिनर वेगळा साठवला तर शुद्ध करता येतो, पण अनेक द्रव एकाच पिंपात ओतले की त्याची किंमत जाते. कारखान्याला द्रावक परत वापरता आले ते पिंपात नेमके काय आहे याची नोंद असल्यामुळे. प्रयोगशाळेच्या बाटलीला दुसरा मालक मिळण्याची अटही तीच आहे.