पेडणे-डिचोलीची साडेचारशे वर्षे : स्मरण आणि दस्तऐवज

दरवर्षी १९ डिसेंबरला पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील व्यासपीठांवरून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आम्ही साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांच्या गुलामगिरीत होतो.’ वयोवृद्ध, सुशिक्षित मंडळीही आपल्या घराण्याची आठवण म्हणून ते सांगताना मी अनेकदा ऐकले आहे. सांगणारा प्रामाणिक असतो. परंतु दस्तऐवज निराळेच सांगतात.

आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये जिंकली ती तिसवाडी. बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये गेल्या. या झाल्या जुन्या काबिजादी. साडेचारशे वर्षांचा हिशेब त्यांनाच लागू पडतो. डिचोली पोर्तुगीजांकडे कायमची गेली १७८१-८२ च्या सुमारास. करवीरकरांविरुद्ध साहाय्य मिळावे म्हणून सावंतवाडीच्या खेम सावंतांनी पेडणे दिले ते १७८८ मध्ये. तेथून १९६१ पर्यंत मोजल्यास पेडण्याची पारतंत्र्याची वर्षे भरतात १७३. डिचोलीची सुमारे १८०.

याची दगडी साक्ष डिचोली तालुक्यातच आहे. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे आला, कारण तेथे त्यांचा अंमल नव्हता. त्याच नार्व्यात १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवालयाचा जीर्णोद्धार केला. डिचोली त्या वेळी पोर्तुगीजांची असती, तर ना देवाला आसरा मिळता, ना महाराजांना देऊळ बांधता येते.

मग ही स्मृती आली कोठून? आजच्या गोव्याचा नकाशा आपण नकळत १५१० वर पसरतो. जाहीर भाषणे आणि स्मरणिका तोच आकडा उच्चारत राहतात आणि ऐकलेले हळूहळू आठवलेले होऊन बसते. नेल्सन मंडेला १९८० च्या दशकात तुरुंगातच वारले, असे जगभर अनेकांना ‘आठवते’. प्रत्यक्षात ते १९९० मध्ये मुक्त झाले आणि २०१३ मध्ये निवर्तले. स्मरणाची ही खोड केवळ आपली नव्हे.

तरीही आपल्यासाठी ही बाब निव्वळ आकड्यांची नाही. साडेचारशे वर्षे मान्य केली की पुढचा प्रश्न ओघानेच येतो : एवढ्या काळात येथे मराठी टिकली कशी? ती बाहेरून आणली असली पाहिजे! हा युक्तिवाद चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडण्याचा कारभार सावंतवाडीशी जोडलेला होता. तेरेखोलच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच दरबाराची सत्ता होती. येथील मराठी पाहुणी नव्हे, मधली सीमाच नंतरची आहे.

करार लेखी झाला असेल, तर त्यातील अटींना छेद देणारा तोंडी पुरावा न्यायालय सामान्यतः स्वीकारत नाही. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम ९२ चे हे तत्त्व नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. इतिहासाला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण लोकस्मृतीलाही मोल असते. मात्र तिथी आणि सीमा यांच्याबाबत अखेरचा शब्द कागदाचाच असावा.

१७३ वर्षे म्हटल्याने यातना कमी होत नाहीत, की मुक्तीचे तेज उणावत नाही. उलट त्याआधीची पावणेतीनशे वर्षे आपल्या पदरात परत पडतात. यंदाच्या १९ डिसेंबरला पेडण्यात वा डिचोलीत बोलणाऱ्यांनी आपल्या तालुक्याचा खरा आकडा सांगावा, एवढीच विनंती.