नसलेल्या हाताची वेदना

हात कापावा लागला, जखमही भरली, तरी त्या नसलेल्या हाताची बोटे दुखतच राहतात. ही तक्रार फार जुनी आहे. सोळाव्या शतकात आंब्रुआज पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने ती नोंदवली. अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमींचा अभ्यास करून सायलस विअर मिचेल यांनी १८७१ मध्ये अशा अवयवांना ‘भुतासारखे अवयव’ या अर्थाचे नाव दिले.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दुसऱ्या महायुद्धातील जखमी जवानांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. १९५५ मध्ये मुंबईत हाजी अलीला पुनर्वसन संस्था सुरू झाली. चिंचणीच्या रुग्णालाही वाणगावला गाडी पकडून तेथे जाता येते. कृत्रिम हाताने कामे होतात. पण जो हात उरलाच नाही, त्याला मलम कुठे लावायचे?

तुटलेल्या मज्जातंतूंची टोके चाळवतात म्हणून दुखते, असे पूर्वी मानत. ती टोके पुन्हा कापली तरी वेदना बरेचदा परत येई. वेदना वर जाताना मज्जारज्जूत तिच्यावर नियंत्रण होते आणि त्यात मेंदूचाही हात असतो, असा सिद्धांत मेलझॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. पुढे १९९० नंतरच्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी रुग्णापुढे एक साधा आरसा उभा धरला. धडधाकट हाताचे प्रतिबिंब नेमके नसलेल्या हाताच्या जागी दिसे. रुग्णाने मूठ उघडली, की काहींना ‘त्या’ हाताचीही आवळलेली मूठ सुटल्यासारखी वाटे आणि वेदना कमी होई.

हा गुण आरशाचा, की नुसत्या कल्पनेचा? अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या रुग्णांवर याची तपासणी झाली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा जणांनी आरशात पाहून व्यायाम केला, सहा जणांनी झाकलेल्या आरशासमोर, तर सहा जणांनी डोळे मिटून फक्त कल्पनेत. चार आठवड्यांनी पहिल्या गटातील सहाही जणांची वेदना घटली. झाकलेल्या आरशाच्या गटात एकाची घटली, तिघांची वाढली. कल्पनेच्या गटात दोघांची घटली, चौघांची चक्क वाढली!

ऑस्ट्रेलियातील लोरिमर मोझली यांनी २००४ मध्ये हाताच्या चिवट दुखण्यासाठी क्रम ठरवला होता: आधी चित्रातील हात डावा की उजवा ते ओळखणे, मग हालचालीची कल्पना, शेवटी आरसा. त्यांच्या रुग्णांना गुण आला. पुढे इतर काही ठिकाणी तसे यश मिळाले नाही. हे प्रयोग लहान आहेत, त्यामुळे शेवटचा शब्द अजून लिहिला गेलेला नाही.

आपण वर्गात दोन हातांमध्ये आरसा उभा करून प्रतिबिंबाची गंमत जरूर दाखवावी. सोबत आणखी एक गोष्ट सांगावी. नुसत्या कल्पनेने वेदना वाढू शकते, याचा अर्थ ती खोटी आहे असा होत नाही. ती मेंदूत खरोखर घडत असते. तेव्हा दुखते म्हणणाऱ्या मुलाला, जखम दिसत नाही एवढ्यावरून, ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून गप्प करू नये.