एक कायदा की अनेक? १८१४ चा जर्मन वाद आणि त्याचे दोन शतकांचे पडसाद

#थ्रेड

१/ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जर्मन प्रदेश. माइन्त्स शहरात फ्रेंच दिवाणी कायदा, काही कोसांवरील फ्रँकफर्टमध्ये शहराचा स्वतःचा जुना कायदा, बर्लिनमध्ये प्रशियाची संहिता, व्हिएन्नात ऑस्ट्रियाची. भाषा एकच, पण विवाह, वारसा, कर्ज आणि करार यांचे नियम मात्र वेस ओलांडली की बदलत.

२/ ही गैरसोय दूर करण्यासाठी अनेक स्वतंत्र राज्यांनी मिळून एकच दिवाणी संहिता स्वीकारावी काय? १८१४ मध्ये या प्रश्नावर दोन प्राध्यापकांमध्ये वाद पेटला. आज युरोपीय संघात हाच वाद जवळजवळ त्याच युक्तिवादांनिशी चालतो. म्हणून त्याची मुळे समजून घेणे आवश्यक आहे.

३/ पार्श्वभूमी अशी. १८०४ मध्ये फ्रान्सने २,२८१ कलमांची दिवाणी संहिता लागू केली. उत्तरेतील रूढी आणि दक्षिणेतील रोमन कायदा हा फ्रान्समधील जुना भेद तिने मिटवला. नेपोलियनच्या फौजांबरोबर ही संहिता ऱ्हाइन नदीच्या पश्चिम तीरावर पोहोचली. बाडेनसारख्या राज्याने ती थोड्या फेरफारांसह आपलीशी केली.

४/ दरम्यान, १८०६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्य विसर्जित झाले होते. जर्मन राज्ये आता कायद्याच्या दृष्टीने वेगवेगळे देश होती. प्रशियाची संहिता १७९४ पासून, तर ऑस्ट्रियाची १८१२ पासून अमलात होती. उरलेल्या प्रदेशांत रोमन कायदा, स्थानिक रूढी आणि राजाज्ञा यांची सरमिसळ होती.

५/ नेपोलियनचा पाडाव होताच हायडेलबर्गचे प्राध्यापक आंटोन थिबो यांनी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. सर्व जर्मन राज्यांसाठी एकच दिवाणी कायदा हवा, ही त्यांची मागणी. एकच सम्राट किंवा एकच सरकार त्यांनी मागितले नाही. राज्ये वेगळी राहोत. संहिता मात्र सर्वांनी तहासारखी मिळून स्वीकारावी, असा त्यांचा मार्ग होता.

६/ थिबोंचा युक्तिवाद नागरिकाच्या बाजूने होता. रोमन कायदा परक्या काळातला, तुकड्यातुकड्यांत हाती आलेला. त्याच्या मूळ पाठांवरही विद्वानांचे एकमत नाही. सामान्य माणसाला आपला हक्क कळण्यासाठी पंडिताच्या दारी का जावे लागावे? कायदा स्पष्ट, पूर्ण आणि त्याच्या भाषेत असावा.

७/ त्याच वर्षी बर्लिनहून उत्तर आले. फ्रीडरिश कार्ल फॉन साविन्यी यांनी प्रतिपादन केले की कायदा भाषेसारखा असतो. तो कोणी बसून ‘बनवत’ नाही. लोकांच्या रूढीतून, समजुतींतून तो वाढतो आणि पुढे विधिज्ञ त्याला शास्त्राचे रूप देतात. परीकथा संकलित करणारे याकोब ग्रिम हे साविन्यींचेच विद्यार्थी, हा केवळ योगायोग नव्हे.

८/ साविन्यींचे म्हणणे ‘संहिता कधीच नको’ इतके सरळ नव्हते. आपल्या काळाची तेवढी तयारी झालेली नाही, असे ते सांगत. अपुऱ्या ज्ञानावर रचलेली संहिता त्या काळच्या चुका पुढच्या पिढ्यांच्या माथी मारते. आधी इतिहासाचा अभ्यास, मग मूलतत्त्वांची मांडणी, असा त्यांचा क्रम होता.

९/ त्यांचा आणखी एक आक्षेप व्यावहारिक होता. प्रशिया आणि ऑस्ट्रिया आपापल्या संहिता सोडणार नाहीत. मग ‘सर्वांची’ संहिता उरलेल्यांपुरतीच राहील आणि जर्मन भूमी एक होण्याऐवजी तीन कायदेशीर प्रदेशांत विभागली जाईल. एकीकरणाच्या प्रत्येक योजनेला हा प्रश्न आजही भेडसावतो.

१०/ गंमत अशी की दोघांचीही आडनावे मूळची फ्रेंच. आणि वादाचा केंद्रबिंदूही फ्रेंच संहिताच. साविन्यींच्या दृष्टीने ती परकी होती. पण १८१५ मध्ये ऱ्हाइनलँड प्रशियाकडे गेल्यावर काय घडले? तेथील लोकांनी फ्रेंच कायदा आणि उघड न्यायदानाची पद्धत टिकवून धरली. प्रशियाला माघार घ्यावी लागली. ती संहिता तेथे १९०० पर्यंत चालली.

११/ साविन्यींच्या सिद्धान्तासाठी हे उदाहरण अडचणीचे आहे. बाहेरून आलेला कायदा अवघ्या एका पिढीत ‘आपला’ झाला. कारण त्याने लोकांना कायद्यापुढील समानता आणि सरंजामी बंधनांतून मुक्ती दिली होती. कायद्याचे मूळ कोठले, यापेक्षा तो काय देतो, हे लोकांनी महत्त्वाचे मानले.

१२/ वाद साविन्यींनी जिंकला असे मानले गेले; व्यापार मात्र थांबला नाही. १८४७ मध्ये लाइपझिग येथे राज्यांचे प्रतिनिधी जमले आणि हुंडीविषयक सामाईक कायदा तयार झाला. १८६१ मध्ये व्यापारी संहिता आली. जर्मन राज्यसंघाला कायदे करण्याचा अधिकारच नव्हता. म्हणून प्रत्येक राज्याने तोच मजकूर स्वतंत्रपणे मंजूर केला. थिबोंचा मार्ग चालू शकतो, हे हुंडीने सिद्ध केले.

१३/ हुंडी आधी आणि कुटुंब शेवटी, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. वेस ओलांडणाऱ्या व्यापाऱ्याला समान नियम हवेच असतात. विवाह आणि वारसा मात्र धर्म, जमीन व घरातील सत्ता यांच्याशी बांधलेले असतात. तेथे प्रश्न सोयीचा राहत नाही. कोणाचा अधिकार टिकणार, हा प्रश्न उभा राहतो.

१४/ १८७१ च्या एकीकरणानंतर १८७४ मध्ये संहितेचे काम सुरू झाले. पहिला मसुदा १८८८ मध्ये आला आणि टीकेचा भडिमार झाला. हा मसुदा जर्मन कमी, रोमन अधिक, असे ओटो फॉन गिर्के म्हणाले. त्याने मालमत्ता नसलेल्या वर्गांचे नुकसान होते, हे आंटोन मेंगर यांनी दाखवले.

१५/ अखेर २,३८५ कलमांची संहिता १ जानेवारी १९०० रोजी लागू झाली. स्वप्न थिबोंचे, घडवणारे मात्र साविन्यींच्या परंपरेत तयार झालेले विधिज्ञ. पण वैवाहिक बाबींत अंतिम निर्णय पतीचा, हे कलम तिच्यात होते. स्त्री-संघटनांनी विरोध करूनही ते राहिले आणि १९५७ च्या कायद्याने गेले. एकच कायदा म्हणजे न्याय्य कायदा, असे समीकरण नसते.

१६/ आता युरोप. १९८९ मध्ये युरोपीय संसदेने सामाईक खासगी कायद्याच्या संहितेसाठी तयारी करावी, असा ठराव केला. डॅनिश विधिज्ञ ओले लांडो यांच्या आयोगाने करार-कायद्याची तत्त्वे मांडली. २००९ मध्ये विद्वानांचा विस्तृत मसुदा प्रसिद्ध झाला. त्याआधीच, १९९७ मध्ये, पिएर लग्रां यांनी इशारा दिला होता : शब्द सारखे केले तरी त्यामागील विचारपद्धती सारख्या होत नाहीत.

१७/ २०११ मध्ये युरोपीय आयोगाने केवळ खरेदी-विक्रीपुरता, तोही ऐच्छिक, सामाईक कायदा सुचवला. तो मंजूर झाला नाही आणि पुढे मागे घेण्यात आला. याउलट, आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांवरील १९८० चा व्हिएन्ना करार नव्वदहून अधिक देशांनी स्वीकारला आहे. भारत त्यात नाही. तो करार व्यापाऱ्यांसाठी आहे. घरगुती ग्राहकाच्या खरेदीला तो साधारणपणे लागू होत नाही. पुन्हा तोच हुंडीचा धडा.

१८/ या इतिहासाचा एक धागा गोव्यात येतो. पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली. १८८० मध्ये हिंदूंच्या काही रूढींना वेगळी मान्यता मिळाली. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली आणि जुनी इतिहासजमा झाली. तोवर मुक्त झालेल्या गोव्यात मात्र जुन्या संहितेचाच वारसा पुढे चालू राहिला.

१९/ लिस्बनने लादलेला कायदा लिस्बनमध्ये संपला आणि मांडवीच्या काठी उरला. हे थिबोंचे यश म्हणावे, तर गोंयकारांची संमती कोणी घेतलीच नव्हती. साविन्यींचे म्हणावे, तर परका कायदा रुजायलाच नको होता. दोघांच्याही चौकटीत गोवा पुरता मावत नाही.

२०/ म्हणून ‘एक कायदा की अनेक’ हा प्रश्न अपुरा ठरतो. संहिता कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली आणि तिच्यामुळे घरातील व बाजारातील दुर्बळाच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न त्याला जोडावे लागतात. १८१४ च्या दोन्ही पुस्तिका आज वाचताना हे प्रश्न हाताशी असू द्यावेत.