गोव्यातील काजू फेणीची भाटी

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला काजू गोव्याच्या डोंगरउतारांवर रुजला; मात्र माडाच्या सुरेपासून मद्य गाळण्याची कला तेथे आधीपासूनच अवगत असल्याने, काजूच्या बोंडांपासून फेणी काढण्याचा व्यवसाय त्या जुन्या कौशल्याच्या आधारानेच वाढला. या व्यवसायाचे केंद्र म्हणजे काजूच्या बागेलगतची 'भाटी', अर्थात मद्य गाळण्याची जागा. मार्च ते मे या हंगामात झाडावरून आपोआप गळून पडलेली पिकली बोंडे वेचून, बी पिळून वेगळी करून, ती 'कोळंबी' नावाच्या खडकातील उथळ कुंडात पायांनी तुडवली जात. मिळालेला रस सुमारे तीन दिवस आंबू देत. त्यात बाहेरून यीस्ट घालत नसत. त्यानंतर तो 'भाण' म्हणजे तांब्याच्या वा मातीच्या भांड्यात उकळून निघणारी वाफ 'लावणी' नावाच्या, थंड पाण्याच्या धारेखाली ठेवलेल्या भांड्यात द्रवरूप होई. पहिल्या गाळणीतून मिळणारा सौम्य 'हुर्राक' त्याच हंगामात संपवला जाई. तोच आंबवलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की सुमारे ४० ते ४५ टक्के मद्यार्काची फेणी तयार होई. तिचा कस जाणते गाळणारे धार उंचावरून ओतून, पृष्ठभागावर उठणाऱ्या बुडबुड्यांवरून ओळखत. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा शासनाने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. त्यामुळे पूर्वी गावापुरती मर्यादित असलेली भाटी आता चव घेण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांचेही आकर्षण ठरली आहे.